येऊन राहिली

अकोला, ९ डिसेंबर १९२७

चि. उद्धव,

आशीर्वाद. एवढं लिहिलं की रिवाज झाला. अडीच वर्षांत तू एक कार्ड टाकलं नाहीस, मीही नाही, तेव्हा कोणी कोणाला बोल लावायचा प्रश्नच नाही. काही काम निघालं म्हणून लिहितेय असं मात्र समजू नकोस. कापसाचे दिवस आहेत, जिनाचा भोंगा पहाटेपासून कोकलतोय, वर्गात सरकीचा वास भरलाय आणि फळ्यावर रुई येऊन चिकटते. अशात माणसाला भावाची आठवण येऊ शकते.

शाळा चालू आहे. शाळा सोडून पुण्याला जाताना तू म्हणाला होतास, ‘ताई, ही शाळा नव्हे, पांजरपोळ आहे. गावानं टाकलेली ढोरं गोळा करून तू त्यांना मॅट्रिकला जुंपणार.’ तर तुझा पांजरपोळ भरलेला आहे. सरकारी हायस्कुलानं पुन्हापुन्हा नापास करून काढलेली वकील-भटजींची पोरं आहेत. धामणगावच्या अडतीवरचे महादेवराव आहेत, त्यांना झुबकेदार मिशा आहेत, दोन लेकरं आहेत आणि भूमितीचं नाव काढलं की अजून घाम फुटतो. महारवाड्यातला भगवंत आहे, तोच, पुढच्याच बाकावर. आणि नदीकाठच्या पार्बताबाई माळणीची शकुन आहे. तू तिला पाहिलेलं नाहीस. नवऱ्यानं टाकली तेव्हा आली. येताना भाजीची टोपली डोक्यावर असते, ती दाराशी उतरवते आणि बीजगणितात अशी शिरते की तिला बाहेर काढणं मुश्किल.

गेल्या मार्चात मी सगळ्यांना परीक्षेला बसवलं आणि दोघंच पास झाले. हसू नकोस. तुझ्या त्या मोठ्या शाळा आधी चाचणीत गाळतात आणि मग निकाल लावतात. चाळणीतून आलेलं पीठ बारीकच असणार, त्यात जात्याची काय तारीफ? पण खात्याला हे कोण सांगणार! निकाल असा लागला म्हणून यंदा फर्मान निघालं की आधी इन्स्पेक्टर शाळा बघणार, त्यांनी चांगलं लिहिलं तरच आमच्या मुलांना परीक्षेला बसायची परवानगी. असहकाराच्या धामधुमीत सरकारी परीक्षेवर थुंकून आपणच ही शाळा काढली होती, आणि आता त्याच परीक्षेच्या दारात उभे आहोत. तुला टोमणा मारायला जागा आहे, मार. पण पोरांना पोटं आहेत.

इन्स्पेक्टर सोमवारी येऊन गेले. गद्रे म्हणून आहेत, पुण्याचे, चार महिन्यांमागे बदलून वऱ्हाडात आले. तुझ्या ओळखीचे असतील. नसले तरी चालेल. भेट बरी झाली.

अनसूयाताई

ता. क. बरी झाली नाही. पाकीट बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. सविस्तर मागून लिहीन.


अकोला, १४ डिसेंबर

चि. उद्धव,

तुझं उत्तर येण्याआधीच लिहितेय, कारण येणार नाही हे मला माहीत आहे.

गद्रे माणूस वाईट नाही. वेळेवर आले, पाणी प्यायले, खुर्ची नको म्हणून उभ्यानंच वर्ग पाहिला. महादेवरावांच्या मिशा पाहून त्यांनाच हेडमास्तर समजले आणि वाकून नमस्कार केला. महादेवराव बाकावरून उठतात काय, पाटी खाली पडते काय! पोरं तर लोटपोट हसली. गोवर्धन मास्तरांचा गणिताचा तास त्यांना मनापासून आवडला. तू गेल्यावर आम्ही गोवर्धन मास्तरांना आणलं, वरूडचे आहेत, लग्न व्हायचंय, संत्र्याच्या बागेपेक्षा त्यांना त्रिकोण प्यारे. शकुननं फळ्यावर असं एक उदाहरण सोडवलं की गद्रे ‘वा’ म्हणाले. मी स्वतः ऐकलं.

आणि मग जाता जाता फाटकाशी पार्बताबाई भेटली. ती मेथीच्या जुड्या घेऊन लेकीची वाट पाहत बसली होती. साहेबांनी सहज विचारलं, ‘बाई, तुमची मुलगी नेमानं शाळेत असते ना?’

पार्बताबाई म्हणाली, ‘असते म्हंजे काय सायब! दोन सालापासून मास्तरापाशी येऊन राहिली. हिशेब शिकून राहिली.’

साहेबांनी दचकून पुन्हा विचारलं, ‘कुणाकडे?’

‘ह्या गोवर्धन मास्तरापाशी. येऊन राहिली ना बाप्पा. सारं गाव जानते.’

तू आता हसला असशील. मीही हसले असते. पण काल बापूसाहेब वकिलांकडे त्या रिपोर्टाची नक्कल आली. शाळेचे चालक म्हणून कागद त्यांच्याच नावानं येतात. त्यांनी मला वाचून दाखवली. इंग्रजीत आहे. नवऱ्यानं टाकलेली एक तरुण मुलगी दोन वर्षांपासून शाळेच्या अविवाहित मास्तराकडे राहायला आली आहे, हे तिच्या आईनंच बिनदिक्कत सांगितलं, आणि अशा संस्थेच्या विद्यार्थ्यांना परीक्षेला बसू द्यावं असं आम्हाला वाटत नाही. एका शकुनला नाही, सगळ्यांनाच!

काय लिहू रे? ती बाई सांगत होती की पोरगी रोज येते. आणि त्या भल्या माणसानं तिला मास्तरच्या घरात नेऊन बसवली. पुण्याच्या कानांना ‘येऊन राहिली’ म्हणजे येऊन मुक्काम ठोकला, एवढंच ऐकू येतं. मी बापूसाहेबांसमोर मोठ्यानं हसले आणि मग त्यांचा चेहरा पाहून तेवढी ओळ पुन्हा वाचायला लावली.

काम काही नाही. सांगावंसं वाटलं म्हणून सांगितलं.

ताई


अकोला, २६ डिसेंबर

उद्धव,

गेले दहा-बारा दिवस मी एका जागी बसलेली नाही. स्वयंपाकाला बसले की दार वाजल्यासारखं वाटतं, दाराशी गेले की डाळ लागते. आज ओसरीत फेऱ्या घालते आहे, मधेच येऊन दोन ओळी लिहिते आहे, अक्षर बघून कळेलच.

रिपोर्ट कुठून फुटला कोण जाणे, पण साऱ्या ताजनापेठेत झाला आहे. गोवर्धन मास्तरांनी राजीनामा आणून दिला. ‘बाई, माझ्यामुळे त्या पोरीचं नाव खराब झालं, मी वरूडला जातो.’ मी म्हटलं, तुम्ही गेलात तर लोक म्हणतील पळाला, म्हणजे खरंच होतं! त्यांना ते पटेना, तेव्हा मी त्यांच्या ट्रंकेची किल्लीच कमरेला लावली. अजून माझ्याच कमरेला आहे. माणूस तीन दिवस त्याच धोतरावर शिकवतोय.

शकुन यायची बंद झाली. तिचा मामा मूर्तिजापूरहून आला आणि म्हणाला की होळीनंतर तिचा पाट लावून टाकतो. स्थळ पाहून ठेवलंय, बायको मेलेला कोणी आहे, वय विचारू नकोस. पोरीनं मामाकडून आधी कबूल करून घेतलं होतं की मॅट्रिक होऊ दे, मुलींच्या शाळेत नोकरी लागली तर मला कोणाच्या घरी पाठवायचं नाही. मामानं तेव्हा मान डोलावली होती. आता म्हणतो, परीक्षाच नाही तर कबुली कशाची? खोटं नाही त्याचं. म्हणून तर जास्त संताप येतो.

पार्बताबाई मात्र वाघीण आहे बरं. गद्रे साहेब इथे डाकबंगल्यावर उतरल्याचं कळलं तशी टोपली घेऊन थेट तिथे. मला बरोबर नेलं. ‘सायब, मी म्हनलं येऊन राहिली, तुमी लिवलं राहिली. मधातलं येनं कुठी गेलं? माह्या घरी झोपते माही पोरगी, माह्या हातची भाकर खाते. तुमाले समजलं नाही तं पुसाव नाही का अजून एक डाव?’

साहेब म्हणाले, ‘मी दोनदा विचारलं, बाई. तुम्ही दोनदा तेच सांगितलंत.’

‘मंग खरं होतं तं दोनदा तेच सांगन ना! काहून बदलू?’

गद्रे खरंच ओशाळले. म्हणाले, माझ्या मनातला संशय गेला, पण कागद नागपूरला गोऱ्या साहेबाकडे गेला आहे, मागे घ्यायला मला काहीतरी आधार लागेल. तुम्ही सगळे शाळेचीच माणसं, तुमचं कोण मानणार? मग बापूसाहेब बडनेऱ्याहून गाडी बदलून त्यांच्या अमरावतीच्या कचेरीत गेले, वऱ्हाडीत ‘करून राहिलो’ म्हणजे करतो आहे, हे वकिली थाटात समजावून आले. गद्रे साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि टेबलावरचं पुस्तक पुढे सरकवलं. ‘हे हायस्कुलांसाठी नेमलेलं व्याकरण. यात राहणे म्हणजे वस्ती करणे, टिकणे, उरणे. तुम्ही म्हणता तो अर्थ कुठेच नाही. आणि पुस्तक लिहिणारे मूळचे तुमच्या अकोल्याचेच!’

कळलं का कोणाचं पुस्तक?

तर आता सांगते. काम आहे. पहिल्या पत्रापासूनच होतं. तू गद्रे साहेबांना चार ओळी लिही की हा अर्थ आहे, वऱ्हाडात लहान पोरालाही कळतो, आणि माझ्या पुस्तकात तो यायला हवा होता. तुझ्या सहीचं ते मानतील. जानेवारीअखेरीस अर्ज बंद होतात. शकुनपाशी तेवढाच वेळ आहे.

अनसूया


अकोला, ९ जानेवारी १९२८

उद्धव,

तुझं पत्र मिळालं. सुरेख अक्षर आहे. एक काना इकडचा तिकडे नाही.

‘प्रमाण भाषेच्या व्याकरणात प्रांतिक अपभ्रंशांस स्थान देणे शास्त्रास धरून होणार नाही. सदर प्रकरणी माझ्या सहानुभूतीबद्दल शंका नसावी.’ हे तू मला लिहिलंस? सख्ख्या बहिणीला, सदर प्रकरणी?

तुझं शास्त्र मला चांगलं ठाऊक आहे. त्याच्याच पायी तू गेलास. वैशाखाच्या उन्हात भगवंत तुझ्या तासाला उभा राहिला आणि म्हणाला, ‘सर, मले पाणी पायजे.’ तू म्हणालास, ‘मला म्हण, मग मिळेल.’ पोराची जीभ वळेना, आणि तू त्याला तास संपेपर्यंत बाकावर उभा ठेवलास. मी आत येऊन तांब्या त्याच्या हातात दिला, तेव्हा तू म्हणालास की मी तुझी शिस्त मोडली. उद्धव, तुला जात दिसत नव्हती, तुला फक्त तो ‘ले’ ऐकू येत होता, हे मला माहीत आहे. पण त्या पोराला काय माहीत? त्याला आजवर पाणी ज्या कारणानं नाकारलं गेलं, तेच कारण त्याला दिसणार ना? मी त्या दिवशी बोलले ते बोलले, आजही तेच बोलेन.

आता एक विचारते, त्याचं उत्तर तुझ्या व्याकरणात शोधून मला कळव. आपली आई अकोटकडची, शाळेचं तोंड न पाहिलेली. शेवटच्या दिवशी तिनं तुझा हात धरला आणि काय म्हणाली? ‘उद्धवा, मी जाऊन राहिली रे बाबू.’ तेव्हा तुला अर्थ बरोबर कळला होता. तू तिला विचारलं नाहीस की कुठे जाऊन, कुणाकडे राहिलीस. तू तिच्या पायांवर डोकं ठेवून रडलास. तो अपभ्रंश होता का?

मला तुझी सहानुभूती नको. ती पुण्यातच ठेव, तिथे हवा चांगली आहे.

अनसूया


अकोला, १३ जानेवारी

उद्धव,

त्या दिवशीचं पत्र टाकलं आणि पोस्टाच्या पेटीशी उभी राहिले, परत काढता येतं का बघायला. येत नाही. बरंच झालं. त्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही, फक्त आईचं लिहायला नको होतं. लिहायलाच हवं होतं. मला कळत नाही. चार दिवस जेवण गोड लागत नाही.

शकुन आली! आत नाही आली. मामानं बजावलंय की शाळेचा उंबरा ओलांडलास तर तंगडी मोडीन. तेव्हा पोरगी पायरीवर बसली. म्हणते, ‘बाई, उंबरा कुठी वलांडला मी? मामाचं आयकलं ना.’ तिथेच मांडीवर पाटी घेऊन प्रमेयं करते. गोवर्धन मास्तरांनी फळा खिडकीशी सरकवला आहे आणि तिच्याकडे पाठ करून, रस्त्यावरच्या माणसालाही ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात शिकवतात, म्हणजे कोणी काही म्हणायला नको. येणारेजाणारे थांबून ऐकतात. पानवाल्याला पायथागोरस पाठ झाला असेल. महादेवराव तिला खिडकीतून खडू देतात आणि भगवंत संस्कृतची रूपं ओरडून सांगतो. तुझ्या पांजरपोळातली ही ढोरं अशी एकमेकांना धरून आहेत.

मी तिला खोटं बोलले. तिनं विचारलं, ‘पुन्याच्या सरचं आलं का काही?’ मी म्हटलं, येईल. ती म्हणाली, ‘मंग मी वाचून ठेवते, बाई.’ आणि पुन्हा पाटीत डोकं घातलं. मला तिच्यासमोर उभं राहवेना, मी आत निघून आले.

तुझा राग असेल तर माझ्यावर काढ. तिच्यावर नको.

ताई


अकोला, २७ जानेवारी

चि. उद्धवास अनसूयाताईचे अनेक आशीर्वाद. बघ, आज सगळे लिहिले, एकही हातचा ठेवला नाही.

काल दुपारी बापूसाहेब अमरावतीहून आले ते टांग्यातूनच ओरडत. मला वाटलं कोणी गेलं. परवानगी मिळाली! सगळ्यांना. गद्रे साहेबांनी रिपोर्ट मागे घेतला आणि त्यासाठी नागपूरला काय जोडून पाठवलं, ते मला दाखवायला बापूसाहेबांनी एक प्रत आणली होती. पुस्तकात चिकटवायची छापील चिठ्ठी, वर ‘शुद्धिपत्र’. मी चष्मा शोधायला लागले, तो डोळ्यांवरच होता.

‘राहणे: वऱ्हाडात हे क्रियापद दुसऱ्या क्रियापदास जोडून येते व क्रिया चालू असल्याचे दाखवते. उदा. ती शाळेत येऊन राहिली, म्हणजे ती शाळेत येत आहे. लेखकाच्या मातेची ही भाषा असूनही पहिल्या आवृत्तीत हे राहून गेले.’

उद्धवा, हे तू छापलंस. सगळ्या हायस्कुलांत जाणाऱ्या पुस्तकात, पुण्यातल्या पंडितांदेखत, आईला घातलंस. मी रडले, खोटं कशाला सांगू. बापूसाहेब बिचारे छताकडे बघत बसले.

पार्बताबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘एवढं तं मी पयल्याच दिवशी सांगतलं होतं. त्याले छापाले काहून लागते?’ पण जाताना चिठ्ठी मागून घेऊन कपाळाला लावली. मामाला तिनं काय ऐकवलं ते पत्रात लिहिण्याजोगं नाही. तो मूर्तिजापूरला परत गेला, मॅट्रिकचा निकाल लागेपर्यंत थांबतो म्हणाला. निकालाचं मात्र मी काही सांगू शकत नाही, तुला आमचा निकाल ठाऊकच आहे. शकुन सकाळी उंबरा ओलांडून आत आली, टोपली उतरवली आणि जणू काल इथूनच उठली होती अशी आपल्या जागेवर बसली. गोवर्धन मास्तरांना किल्ली दिली. माणूस आधी आंघोळीला पळाला.

एक मात्र अडलं आहे. इंग्रजी. भूमिती गोवर्धन मास्तर ओढून नेतील, पण इंग्रजीत अर्धा वर्ग बुडतो, तू गेल्यापासून तो विषय मीच कसाबसा रेटतेय. शकुनही तिथेच बुडेल. हे तुला मी कळवलं नव्हतं. कळवणार नव्हतेही.

आणि आज सकाळी तुझं कार्ड आलं. मायन्याशिवाय, तारखेशिवाय. एवढंच:

‘ताई, येऊन राहिलो.’

मी ते कार्ड घेऊन घरभर फिरले. मग वर्गात नेलं, कारण मला एकटीला ते पेलेना. महादेवराव म्हणाले, सर येत आहेत. भगवंतानं कार्ड हातात घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, ‘सरनं असं लिवलं?’ कार्ड परत द्यायला त्याला उशीर लागला. शकुननं मात्र बरोबर बोट ठेवलं. ‘बाई, हे आपल्या बोलीतलं हाये का पुन्याच्या? नुसते येऊन राहिले, का येऊन इथीच राहिले?’

मले काय मालूम! तूच सांग. वऱ्हाडी म्हणून लिहिलं असशील तर गाडीत बसला आहेस, चार दिवस राहशील, बहिणीच्या हातचं खाशील आणि जाशील. पुण्याचं म्हणून लिहिलं असशील तर तुझी खोली मी आजच सारवून घेते. व्याकरण तुझं, तेव्हा अर्थ लावायचा अधिकारही तुझा.

हे पत्र तुला पुण्यात मिळालं, तर तू मला फसवलंस. तू निघाला असशील तर ते तुझ्या मागोमाग फिरून माझ्याच दारात येईल, आणि मग मी ते तुला समोर बसवून वाचून दाखवीन. इंग्रजीचा तास अकराला असतो. भगवंत पुढच्याच बाकावर आहे. येशील तेव्हा पाण्याचा तांब्या आधी तू भर.

इतकी पत्रं मी तुझ्या पुस्तकातल्यासारखं लिहीत आले. शेवटची ओळ आईसारखी लिहिते.

मी वाट पाहून राहिली.

ताई